भिंतीवरील संकट-बटण : चार्जिंग व निगा



शाळेची घंटा ही आपणा सर्वांच्या नित्य परिचयाची वस्तू. रेल्वेच्या रुळाचा तुकडा असो की पितळेची जाड थाळी असो, ती एकदा आढ्याला टांगली की झाले. तिला ना तेल लागते, ना पाणी. ठोका मारावा आणि तिने वाजावे, यापलीकडे तिचे आपणाकडे काही मागणे नसते.

आता मात्र कित्येक शाळांच्या भिंतींवर दुसऱ्या एका घंटेने जागा घेतली आहे. तळहाताएवढी पेटी, तिच्या मध्यभागी लाल रंगाचे ठळक बटण आणि कोपऱ्यात एक लहानसा दिवा, असे तिचे रूप असते. संकटसमयी हे बटण दाबले असता दूरवर भोंगा वाजतो किंवा ठरलेल्या व्यक्तींच्या फोनवर संदेश जातो. व्यवहारात यास ‘पॅनिक बटण’ म्हणतात. प्रस्तुत लेखात आपण त्यास संकट-बटण म्हणू. आपल्यापैकी काहींच्या शाळेत ते बसले असेल, काहींच्या शाळेत यावयाचे असेल.

ही नवी घंटा जुन्या घंटेसारखी नाही. ती विजेवर जगते. वीज न मिळाल्यास ती मुकी होते, आणि पुष्कळदा आपण मुकी झालो आहो हे ती कोणास सांगतही नाही. बटण बसविणे हे एका दिवसाचे काम आहे. ते जागते ठेवणे हे वर्षभराचे काम आहे आणि ते शिक्षकाचेच आहे. ते कसे करावे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

१. एक अनुभव

काही काळापूर्वी शाळाभेटीच्या निमित्ताने प्रस्तुत लेखक घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका द्विशिक्षकी शाळेत गेला होता. गावाचे व शाळेचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. शाळेच्या ओसरीवर संकट-बटण बसविलेले होते आणि त्याचा भोंगा गावात, एका सार्वजनिक इमारतीच्या छपराखाली होता. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा नुकतीच उघडली होती. एके दिवशी मुख्याध्यापक बैठकीस गेले असता दुसऱ्या शिक्षिका, ज्यांस मधुमेहाचा विकार आहे, वर्गात शिकवीत असतानाच भोवळ येऊन पडल्या. चौथीतील एक मुलगी, शिकविल्याप्रमाणे, धावत जाऊन बटणाशी पोहोचली आणि तिने ते दाबले. पेटीवरील हिरवा दिवा लागला. गावात मात्र काहीही वाजले नाही.

त्या मुलीने पुन्हा दाबले. मग बटणावर बोट तसेच ठेवून ती उभी राहिली. अखेर दोन मुले अनवाणी धावत शेतावर गेली, तेथून माणसे आली, बाईंना साखरपाणी मिळाले आणि सुदैवाने त्या सावरल्या. पुढे चौकशी झाली तेव्हा कारण फारच साधे निघाले. भोंग्याच्या चार्जरची पिन कोणीतरी आपला मोबाइल चार्ज करण्यासाठी काढली होती आणि ती पुन्हा लावली नव्हती. भोंग्याची बॅटरी कित्येक आठवडे उपाशी होती. बसविल्या दिवसानंतर ते बटण कोणी एकदाही दाबून पाहिले नव्हते.

आम्ही निघालो तेव्हा ती मुलगी जवळ आली आणि तिने हळूच विचारले, “गुरुजी, मी बटण नीट दाबलं नव्हतं का हो?”

या प्रश्नाचे उत्तर तिला तत्काळ दिले; परंतु तो प्रश्न मनातून जात नाही. यंत्र बंद होते, दोष मोठ्यांचा होता, आणि अपराधाची भावना मात्र नऊ वर्षांच्या मुलीने घरी नेली. बंद पडलेले बटण हे नसलेल्या बटणाहून वाईट. बटण नसते तर ती पहिल्याच क्षणी मदतीसाठी धावली असती. भिंतीवर बटण लावणे म्हणजे मुलांना एक शब्द देणे होय. तो पाळावयाचा असेल तरच द्यावा.

२. संकट-बटणाची रचना

बटणाची साखळी चार कड्यांची असते. पहिली कडी म्हणजे प्रत्यक्ष बटण व त्याची पेटी. दुसरी म्हणजे त्या पेटीतील बॅटरी. तिसरी म्हणजे संदेश वाहून नेणारा मार्ग; तो तारेचा असेल, बिनतारी लहरींचा असेल किंवा मोबाइलच्या सिमकार्डाचा असेल. चौथी म्हणजे ऐकणारा : भोंगा, फोन आणि तो फोन उचलणारा मनुष्य. यांतील कोणतीही एक कडी तुटली तरी उरलेल्या तिघी निरुपयोगी ठरतात. वर सांगितलेल्या शाळेत पहिल्या तीन कड्या ठणठणीत होत्या.

यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. पेटीवरील दिवा हा केवळ पेटीपुरता साक्षीदार आहे. भोंगा वाजला की नाही, फोन पोहोचला की नाही, याची साक्ष तो देऊ शकत नाही.

३. विद्युतघटांचे प्रकार

निगा राखण्यापूर्वी आपल्या पेटीत कोणत्या जातीचा घट आहे हे ओळखले पाहिजे. कारण एका जातीचे पथ्य दुसरीस चालत नाही. जात घटाच्या वेष्टनावर छापलेली असते.

(अ) कोरडा घट. विजेरीत व भिंतीवरील घड्याळात घालतो तोच. याचा दाब १.५ व्होल्ट. हा एकदाच वापरावयाचा असतो. तो चार्ज करू नये. चार्जरमध्ये घातल्यास तो गळतो, प्रसंगी फुटतोही. याच आकाराचे परंतु पुन्हा चार्ज होणारे निकेलचे घटही मिळतात. त्यांचा दाब १.२ व्होल्ट असतो. दिसावयास दोन्ही सारखेच असल्याने येथे गफलत फार होते. जुना व नवा, किंवा दोन निरनिराळ्या जातींचे घट एकाच पेटीत कधीही एकत्र घालू नयेत.

(आ) लिथियम-आयन घट. मोबाइलमध्ये असतो तो हाच. इ. स. १९९१ मध्ये तो बाजारात आला, आणि त्याच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. याच्या नेहमीच्या प्रकाराचा दाब सुमारे ३.७ व्होल्ट असतो. पूर्ण भरल्यावर ४.२ आणि रिकामा होत आला की ३ व्होल्टच्या आसपास. हा अगदी कोरडा पडू दिल्यास त्याचे कायमचे नुकसान होते.

(इ) लेड-आम्ल घट. भोंग्याच्या पेटीत बहुधा हीच जात असते : काळी, जड, १२ व्होल्टची बंद बॅटरी. फ्रान्समधील गास्तों प्लान्ते याने १८५९ मध्ये लेड-आम्ल घट शोधून काढला. चार्जर काढून काही तास स्वस्थ ठेवल्यानंतर मोजले असता भरलेल्या बॅटरीचा दाब १२.७ व्होल्टच्या आसपास भरतो; १२ च्या खाली गेला तर ती रिकामी समजावी. ही बॅटरी रिकाम्या स्थितीत पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण थर साचतात आणि मग ती पुन्हा नीट भरत नाही. वरील शाळेतील भोंग्याची बॅटरी पिन लावल्यावरही सावरली नाही ती याच कारणाने; ती बदलावी लागली.

जवळच्या माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत मल्टिमीटर असतो. महिन्यातून एकदा तो मागून आणल्यास दाब मोजणे हे दोन मिनिटांचे काम आहे.

४. चार्ज करण्याची रीत

बॅटरी पूर्ण उतरवूनच पुन्हा भरावी, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. जुन्या निकेल-कॅडमियम घटांच्या बाबतीत त्यास काही आधार होता. लिथियम-आयन घटांच्या बाबतीत तो समज चुकीचा असून हानिकारक आहे. या घटांस मधूनमधून थोडे थोडे भरणेच मानवते. ठरलेल्या दिवशी, दिवा लाल होण्याची वाट न पाहता, चार्ज करावे.

चार्जर पेटीबरोबर आलेलाच वापरावा. पिन बसते म्हणून कोणताही चार्जर लावणे म्हणजे माप न पाहता औषध देण्यासारखे आहे. चार्जरवर व पेटीवर दाबाचे आकडे छापलेले असतात. ते जुळले पाहिजेत. पेटी भिंतीवरून काढून चार्ज करावी लागत असेल तर ती मधल्या सुट्टीत न काढता शाळा सुटल्यावर काढावी, कोणीतरी जवळ असताना भरावी आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेपूर्वी जागेवर लावावी. शाळा भरलेली असताना बटणाची खुंटी रिकामी दिसता कामा नये. तसा प्रसंग आलाच तर त्या ठिकाणी “बटण दुरुस्तीस गेले आहे, मदतीसाठी घंटा वाजवा” अशी पाटी लावावी.

ज्या पेट्या सदैव विजेला जोडलेल्या असतात, त्यांची अडचण निराळी. वीज असेपर्यंत त्या विजेवर चालतात. बॅटरी खराब झाली असल्यास ते वीज जाईपर्यंत कळत नाही. आणि वादळात, आगीत किंवा पुरात संकट येते तेव्हा बहुधा वीज आधीच गेलेली असते. म्हणून अशा पेटीची परीक्षा दोनदा घ्यावी : एकदा वीज असताना आणि एकदा पिन काढून. प्लगच्या शेजारी भिंतीवर तेलरंगाने लिहावे : “ही पिन काढू नये.” त्याचबरोबर मोबाइल चार्ज करण्यासाठी दुसरी जागा करून द्यावी. केवळ मनाई करून गरज भागत नाही, आणि गरज भागली नाही की मनाई टिकत नाही.

ज्या पेटीत सिमकार्ड असते तिला दोन प्रकारचे रिचार्ज लागते : एक बॅटरीचे व दुसरे सिमचे. बॅटरी तुडुंब भरलेली आणि सिमची मुदत संपलेली, असे झाल्यास बटण तितकेच मुके. सिमच्या मुदतीची तारीख पेटीच्या बाजूस चिकटवून ठेवावी आणि तो खर्च कोणत्या निधीतून व्हावयाचा हे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आधीच ठरवून इतिवृत्तात नोंदवावे.

५. एक हिशेब

बॅटरी किती दिवस टिकेल हे अंदाजाने बोलण्यापेक्षा गणिताने काढणे बरे. समजा, बॅटरीवर २००० मिलिॲम्पिअर-तास असे छापले आहे आणि बटणाची पेटी स्वस्थ असताना ५ मिलिॲम्पिअर प्रवाह घेते. तर,

२००० ÷ ५ = ४०० तास, म्हणजे १६ दिवस १६ तास.

परंतु वापरून जुनी झालेली बॅटरी छापल्याइतकी वीज साठवीत नाही. ती ६० टक्केच साठवते असे धरले तर १२०० ÷ ५ = २४० तास, म्हणजे अवघे १० दिवस. पहिल्या वर्षी पंधरवड्याने चार्ज करून भागत होते म्हणून तिसऱ्या वर्षीही भागेल असे समजणाऱ्याची फसगत होते ती येथे. उन्हाळ्याची सुट्टी तर याहून कितीतरी मोठी. आपल्या पेटीचे आकडे तिच्या माहितीपत्रकातून घेऊन हाच हिशेब करावा आणि येणाऱ्या दिवसांच्या निम्मे दिवस झाले की चार्ज करावे, असा नियम ठेवावा.

चार्ज करण्यास लागणारा वेळही असाच काढता येतो. चार्जर ५०० मिलिॲम्पिअर प्रवाह देत असेल तर २००० ÷ ५०० = ४ तास. प्रत्यक्षात बॅटरी भरत आली की प्रवाह मंदावतो, म्हणून आणखी तास-दीड तास धरावा. सातवीच्या मुलांना भागाकाराचे हे उदाहरण अवश्य घालावे.

६. ऊन, पाऊस व कीटक

बॅटरीचा मोठा शत्रू उष्णता. लिथियम-आयन घट सर्वसाधारणपणे ४५ अंश सेल्सिअसच्या वर तापमान असताना चार्ज करू नयेत. विदर्भात मे महिन्यात सावलीतील पाराही या आकड्याला टेकतो. मग पश्चिमेच्या भिंतीवर, पत्र्याच्या छपराखाली असलेल्या पेटीची अवस्था काय होत असेल याची कल्पना करावी. तेथे बटण उत्तरेच्या किंवा आतल्या भिंतीवर बसवावे आणि उन्हाळ्यात चार्जिंग सकाळी उरकावे.

कोकणात व घाटमाथ्यावर अडचण ओलाव्याची. पावसाळ्यात तांब्याच्या जोडांवर हिरवट कळंक चढतो आणि प्रवाह अडतो. कोरड्या, स्वच्छ सुती फडक्याने पेटीची टोके पुसावीत. ओले फडके किंवा राख वापरू नये. पेटीच्या फटीतून मुंग्या शिरतात, पाल अंडी घालते, कुंभारीण माशी मातीचे घर करते. फट असल्यास ती बुजवावी. मात्र आवाज बाहेर पडण्याची भोके बुजवू नयेत. भिंतीला रंग देण्याच्या वेळी रंगाऱ्यास बटणावर कागद चिकटवावयास सांगावे, आणि रंग झाल्यावर तो कागद काढला की नाही हे स्वतः पाहावे.

उन्हाळ्याच्या व दिवाळीच्या सुट्टीत पेटी कशी ठेवावी? सुट्टीत शाळेत अन्य कोणताही उपक्रम नसेल आणि पेटी काढून ठेवता येत असेल, तर लिथियम-आयन बॅटरी अर्धी भरलेली ठेवून, पेटी बंद करून, थंड व कोरड्या कपाटात ठेवावी. लेड-आम्ल बॅटरी मात्र पूर्ण भरूनच ठेवावी आणि शक्य तर चार्जरला जोडलेलीच राहू द्यावी. शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी दोन्ही पुन्हा भरून, लावून व वाजवून पाहावी.

७. तपासणीचे वेळापत्रक

दररोज : प्रार्थनेपूर्वी पेटी जागेवर आहे, दिवा लागला आहे आणि बटणापुढे बाक, सतरंजी वा तांदळाचे पोते आलेले नाही, हे पाहावे.

दर आठवड्यास : ठरलेल्या वारी पेटी पुसावी व ठरलेल्या क्रमाने चार्ज करावी.

दर महिन्यास : बटण प्रत्यक्ष दाबावे. एक शिक्षक बटणापाशी व दुसरा मनुष्य भोंग्यापाशी किंवा फोनपाशी असावा. किती सेकंदांत आवाज झाला, कोणाकोणाचा फोन वाजला, हे लिहावे. त्यापूर्वी गावात तशी वर्दी द्यावी. बटणाचा संदेश पोलिसांपर्यंत जात असेल तर त्यांना आगाऊ कळविल्यावाचून परीक्षा घेऊ नये.

दर सहा महिन्यांस : पिन काढून केवळ बॅटरीवर परीक्षा घ्यावी, फोन क्रमांकांची यादी तपासावी. बदली होऊन गेलेल्या शिक्षकाचा क्रमांक यादीत तसाच राहणे ही नित्याची चूक आहे. संकट आपल्या शाळेत आणि फोन दुसऱ्या तालुक्यात, असे होऊ नये.

यासाठी साधी शंभर पानी वही पुरे. तीत पुढील रकाने आखावेत : दिनांक, काय केले, आवाज अथवा फोन कोठे पोहोचला, किती वेळात, दोष, दोष केव्हा दूर झाला, स्वाक्षरी. “ठीक आहे” असा शेरा लिहू नये, कारण त्यातून काहीच कळत नाही. “सकाळी १०.२० ला दाबले, १०.२१ ला सरपंचांचा फोन आला” असा शेरा लिहावा. आणि या कामास एक नाव असावे. ‘सर्वांनी लक्ष द्यावे’ असे ठरले की कोणीच लक्ष देत नाही. तो शिक्षक रजेवर असेल त्या दिवसासाठी दुसरे नावही आधीच ठरलेले असावे.

८. मुले व बटण

बटण किती उंचीवर असावे याविषयी दोन मते आहेत. मुलांचा हात पोहोचू नये, म्हणजे खोड्या होणार नाहीत, असे काही म्हणतात. परंतु ज्या शाळेत एक किंवा दोनच शिक्षक आहेत, तेथे संकट शिक्षकावरच आले तर बटण दाबणार कोण? म्हणून पहिलीतील सर्वांत बुटक्या मुलाला भिंतीशी उभे करावे आणि त्याचा हात सहज पोहोचेल तेथे खूण करावी. कुबड्या वापरणारे किंवा चाकाच्या खुर्चीत बसणारे मूल असेल तर प्रथम त्याचा विचार करावा. खोडीवर उपाय उंची हा नव्हे. ओळख करून देणे हा आहे. जी वस्तू मुलांनी स्वतः दाबून, ऐकून, समजून घेतली तिचे कुतूहल लवकर ओसरते.

कोणी उगाच दाबले तर समजावून सांगावे, मारू नये. भीतीपोटी दाबले आणि संकट खरे नव्हते असे निघाले, तर शाबासकीच द्यावी. एकदा शिक्षा झाली की ते मूल पुढे खऱ्या संकटातही हात आखडता घेईल. आणि काही मुलांचे संकट साप-विंचवासारखे सर्वांना दिसणारे नसते. कोणी अयोग्य स्पर्श करीत असेल, धमकावीत असेल, तर ते सांगण्यासाठीही हेच बटण आणि हेच शिक्षक आहेत, हा विश्वास मुलांस वाटला पाहिजे. असा प्रकार कळल्यावर तो पोलिसांस कळविणे हे २०१२ च्या बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाच्या कायद्यानुसार आपणांवर बंधनकारक आहे.

बटणाच्या खाली ठळक अक्षरांत तीन क्रमांक रंगवून घ्यावेत : कोणत्याही संकटासाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि बालकांच्या मदतीसाठी १०९८. यांतील शेवटच्या सेवेचा आरंभ १९९६ मध्ये मुंबईत झाला. बटण न वाजल्यास काय करावयाचे, हे मुलांना बटण दाबावयास शिकवितानाच शिकवावे : “दहा आकडे मोजा, आवाज आला नाही तर घंटा वाजवा आणि धावा.” यासाठी जुनी घंटा काढून टाकू नये. ती दोघींपैकी वडील बहीण आहे.

९. काही धोके

फुगलेली, तापलेली किंवा गोडसर उग्र वास येणारी बॅटरी तत्काळ वापरातून काढावी. ती टोचू, दाबू वा चार्ज करू नये. मुलांपासून दूर, उघड्यावर, जळणाऱ्या वस्तूंपासून अलग ठेवावी. कोणतीही बॅटरी चुलीत वा कचऱ्याच्या ढिगात टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून त्या दुकानदारास किंवा संकलन केंद्रास द्याव्यात.

सर्वांत अधिक जपावयाचे ते रुपयाच्या नाण्यासारख्या चपट्या घटास. काही लहान बटणांत तो असतो. मुलाने तो गिळला व तो अन्ननलिकेत अडकला, तर अवघ्या दोन तासांत आतून गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. अशा वेळी उलटी करवू नये, वाट पाहू नये. मुलास थेट रुग्णालयात न्यावे आणि काय गिळले ते डॉक्टरांस सांगावे. अशा पेटीचे झाकण स्क्रूने घट्ट बसविलेले असावे आणि काढलेला घट टेबलावर क्षणभरही ठेवू नये.

आगीच्या बाबतीत तर क्षणाक्षणाचा हिशेब असतो. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम येथील एका शाळेत स्वयंपाकघरात लागलेली आग गवती छपरास लागली आणि ९४ बालके मृत्युमुखी पडली. आपल्याही शाळांत रोज खिचडी शिजते. म्हणून एक बटण स्वयंपाकघराच्या दाराबाहेर असावे. चुलीजवळ, आत नसावे. आगीत आत जाऊन बटण दाबण्याची वेळ कोणावर येऊ नये.

१०. नमुना पाठ

इयत्ता : ५ वी. वेळ : ४० मिनिटे. विषय : परिसर अभ्यास.

घटक : “दिवा लागतो, पण घंटा वाजते का?”

हेतू : (१) घटातील वीज संपत जाते हे मुलांस प्रयोगाने कळावे. (२) संकट-बटण दाबण्याची व न वाजल्यास पुढे करावयाच्या कृतीची सवय लागावी.

साहित्य : विजेरीतून काढलेले दोन जुने व दोन नवे कोरडे घट, लाल रंगाचा एक एलईडी दिवा व त्यास जोडलेला १०० ओहमचा रोधक, मोडक्या खेळण्यातील लहान मोटर, तारा.

प्रस्तावना : शिक्षकांनी विचारावे : घरातील विजेरी मंद केव्हा होते? घड्याळ मागे केव्हा पडते? सणानंतर कोणकोणत्या वस्तू बंद पडलेल्या आढळतात?

विवेचन : दोन नवे घट एकापुढे एक जोडून प्रथम दिवा लावावा, नंतर मोटर फिरवावी. मग जुने घट जोडावेत. दिवा लागतो, मोटर मात्र फिरत नाही किंवा रखडते. असे का, हे मुलांनाच विचारावे. दिव्यास अगदी थोडा प्रवाह पुरतो, मोटरला पुष्कळ लागतो, आणि थकलेला घट पुष्कळ प्रवाह देऊ शकत नाही, हे त्यांच्याकडूनच काढून घ्यावे. यासाठी योग्य इतके जुने घट शिक्षकांनी आदल्या दिवशी प्रयोग करून निवडून ठेवावेत.

प्रात्यक्षिक : गावास आगाऊ कळवून प्रत्येक मुलाने एकेकदा बटणापाशी जावे, पहिल्या मुलाने ते खरोखर दाबावे, बाकीच्यांनी हात ठेवून जागा ओळखावी. मग सर्वांनी मोठ्याने दहा आकडे मोजावेत. दुसऱ्या खेपेस “आवाज आला नाही” असे समजून घंटा व धावण्याचा सराव करावा.

फलकलेखन : दिवा हा पुरावा नाही. आवाज हा पुरावा आहे.

उपयोजन : मुलांनी घरातील बॅटरीवर चालणाऱ्या पाच वस्तूंची नावे व त्या प्रत्येकीत कोणत्या प्रकारचा घट आहे हे मोठ्यांच्या मदतीने लिहून आणावे. घट स्वतः उघडून पाहू नयेत.

समारोप

यातील कोणतेही काम अवघड नाही. पुसणे, भरणे, दाबणे, ऐकणे व लिहिणे, इतकेच ते आहे. आठवड्यातील दहा मिनिटे आणि महिन्यातील अर्धा तास यांपलीकडे त्यास वेळ लागत नाही. अवघड आहे ते एवढेच, की संकट न येता महिनेच्या महिने जातात आणि मग ही दहा मिनिटे निरर्थक वाटू लागतात. पटावरील कामे, परीक्षा, सर्वेक्षणे यांच्या गर्दीत ती प्रथम गळतात. तशी ती गळू लागली की वर सांगितलेल्या मुलीचा प्रश्न आपण स्मरावा.

हे पत्रक वाचून झाल्यावर ते दप्तरी दाखल करण्यापूर्वी एकदा उठून आपल्या शाळेतील बटणापाशी जावे, पलीकडे एक मनुष्य उभा करावा आणि ते दाबून पाहावे. आवाज आला तर वहीत पहिली ओळ लिहावी. न आला तर तोही एक लाभच समजावा. कारण आज ते आपण दाबले आहे, मुलाने नव्हे.